डोहाळे की रक्तक्षय?

रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गातील गर्भवती सुदक्षिणेचे वर्णन आपल्यापैकी पुष्कळांनी कॉलेजात अभ्यासले असेल. अंग गळून गेल्यामुळे राणीला सगळे दागिने पेलवत नाहीत, मुख लोध्रपुष्पासारखे पांढुरके झाले आहे, आणि त्या मुखाला येणारा मातीचा वास कितीही हुंगला तरी दिलीपाची तृप्ती होत नाही. काव्य म्हणून हे अप्रतिमच. परंतु आजच्या एखाद्या डॉक्टरीणबाईंच्या हाती तो सर्ग दिला, तर त्या प्रथम राणीसाहेबांचे रक्त तपासायला सांगतील!

थट्टा नव्हे. थकवा, फिकेपणा आणि माती, राख, खडू खाण्याची इच्छा ही लोहाच्या कमतरतेची चांगली ओळखीची लक्षणे आहेत. आपण मात्र त्यांना 'डोहाळे' म्हणून हसतो आणि कौतुक करतो. इथे इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांनी डोहाळजेवणाची हौस तर जिवापाड जपली आहे. हिरवी साडी, फुलांची वाडी, सारे कसे यथासांग! ते तसेच व्हावे. पण त्या दिवशी झोपाळ्यावर बसलेल्या सूनबाईचे हिमोग्लोबिन किती आहे, हे ओटी भरणाऱ्यांपैकी कितीजणींना ठाऊक असते?

गर्भारपणात रक्तातील पातळ भाग वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. ते गृहीत धरूनच दर १०० मिलिलिटर रक्तामागे ११ ग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. ७ च्या खालची अवस्था गंभीर. अशा स्त्रीला बाळंतपणात होणारा एरवीचा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो, आणि मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील गर्भवतींपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. हे दारिद्र्याचे दुखणे आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याच सर्वेक्षणात अगदी सधन थरांतील स्त्रियांतही हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे!

म्हणजे अन्न नाही असे नव्हे. माझ्या मते दोष आहे तो वाढण्याच्या क्रमात. पुरुष, मुले, पाहुणे जेवून उठल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेली पालेभाजी आणि वरणाचे पाणी सुनेच्या वाट्याला येते. लेकीचीही गत फार वेगळी नसते. ती वयात येते, दर महिन्याला रक्त जाते, आणि लोहाचा साठा रिकामा असतानाच तिचे लग्न होते. मग एका पाठोपाठ दुसरे मूल झाले, तर तो साठा भरायला अवधीच उरत नाही. त्यात जेवणावर लगेच चहा! चहाने अन्नातले लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. आपल्या सकाळच्या पोह्यांवर पिळलेले लिंबू नेमके उलट, उपकारक काम करते. पण त्या पोह्यांबरोबर चहाचा पेला हवाच.

एकट्या लोहाचीच उणीव असते असेही नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली आणि गिरणीकामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात असे तिला दिसले. त्या शोधाची पुढची वाट फॉलिक आम्लापर्यंत गेली. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाकडेही लक्ष हवे. ते भाजीपाल्यात नसते. दूध-दह्यातून काय मिळेल तेवढेच.

सरकारी योजनेनुसार चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोह व फॉलिक आम्लाची एक गोळी घ्यायची असते. ती फुकट मिळते, तरी डब्यात पडून राहते. कारण घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, गोळीने बाळ काळे होते, फार मोठे होऊन अडते. दोन्हीही खोटे. शौचास काळे होते, मळमळते, बद्धकोष्ठ होते, हे खरे. तेवढ्यासाठी गोळी सोडू नये, डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्याबरोबर नको, आणि चहा तर नकोच.

बाळंतपणानंतरही आणखी १८० दिवस ती चालू ठेवायची असते. पण तोवर सारे घर बारशाच्या गडबडीत असते, आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्यामागे ढकललेल्या गोळ्यांची आठवण बाळंतिणीलासुद्धा राहत नाही.