शिक्षा कोणास व उपचार कोणास?

म्हातोबाच्या देवळाचें वाकड १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें आणि पाहतां पाहतां तेथील शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. नोकरीनिमित्त दूरदूरचीं कुटुंबें येथें आलीं. एकाच जिन्यावरचे शेजारी एकमेकांस ओळखीत नाहींत. अशा वस्तींत अंमली पदार्थ विकणारा निर्धास्तपणें हिंडूं शकतो. हें संकट दूरच्या मुंबईचें, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं २०२० सालचा ऑक्टोबर महिना आठवावा. चाकण परिसरांत पोलिसांनीं मेफेड्रोन नांवाचें विष तब्बल २० किलो पकडलें. २०२४ च्या फेब्रुवारींत तर दौंड तालुक्यांत, कुरकुंभ येथें, त्याचा कारखानाच सांपडला. ज्या तालुक्यांत, केडगांवीं, पंडिता रमाबाईंनीं निराधार स्त्रियांसाठीं मुक्तिसदन उभारलें, त्याच तालुक्यांत हा उद्योग चालावा!

अशा बातम्या वाचून ‘सर्वांस तुरुंगांत घाला’ असे उद्गार पालकांच्या तोंडून निघतात. त्यांचा संताप आम्हांस समजतो. परंतु ‘सर्वांस’ या एका शब्दांत विष विकणारा आणि तें घेणारा मुलगा असे दोघेही येतात, व तेथेंच आमचा मतभेद आहे.

कायद्यानेंही हा भेद मानला आहे. लहान मुलास दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणारास २०१५ च्या बालन्याय कायद्यानें ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलाच्या हातून असा माल विकविणारासही तीच शिक्षा आहे. उलट, १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याचें कलम ६४-अ असें सांगतें कीं, केवळ सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारमान्य संस्थेंत उपचार घेईल, तर त्या आरोपाबद्दल त्याजवर खटला चालूं नये. ही गोष्ट किती घरीं ठाऊक असेल? कोणी म्हणेल, हें तर व्यसनास उत्तेजन झालें. तसें नाहीं. उपचार अर्धवट सोडणाराची ही सवलत काढून घेतां येते. आणि उपचारानें मनुष्य सुधारतो हें पाहावयास लांब जावें लागत नाहीं. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेलें मुक्तांगण पुण्यांतच आहे; तेथील कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनांतून बाहेर पडलेले लोकही आहेत.

खरें भय कायद्याचें नसून लोकांचें आहे. बभ्रा होईल, बहिणीचें लग्न अडेल, शाळेंतून नांव जाईल, म्हणून घराचें दार लावून घेतलें जातें. मुलगा आईचे दागिने विकतो, धाकट्या भावंडांवर हात उगारतो, तरी कोणी बोलत नाहीं. कित्येक घरीं तर व्यसनी मुलगा नसून बाप असतो, आणि मार खाणारें मूल शेवटच्या बाकावर मुकाट बसतें. प्रगतिपुस्तकांत ‘अभ्यासांत लक्ष नाहीं’ एवढें लिहून आम्ही शिक्षक मोकळे होतों! उधळ्या पुत्राचा दाखला प्रतिवर्षीं आम्हीच वर्गांत शिकवितों. त्यांतील बाप मुलगा दूर असतांनाच धांवत गेला. आधीं हिशेब मागत बसला नाहीं.

शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये, अशी पाटी आमच्या फाटकावर आहे. तिच्या शेजारीं दुसरी लावावी, अशी आमची सूचना आहे. तीवर संकटांतील मुलांसाठीं १०९८ व व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठीं १४४४६ हे दूरध्वनि क्रमांक असावे. त्याखालीं कलम ६४-अ चा अर्थ सोप्या मराठींत असावा. आणि सर्वांत खालीं शाळेचें वचन असावें, कीं जो विद्यार्थी आपण होऊन सांगेल त्याचें नांव पटावरून कमी केलें जाणार नाहीं. या शेवटच्या ओळीस शाळेच्या व्यवस्थापक मंडळाची संमति लागेल. ती आम्ही या अंकाच्या द्वारें जाहीरपणें मागत आहों.