फ्यूज कशाला हवा?
(तृतीय वर्ष, कला)

वार्षिक अंकात कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लिहायचे म्हणजे पावसावर, आईवर, नाहीतर ढासळत्या मूल्यांवर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र जुन्या मोटारीत जादा दिवे बसवताना घालायच्या फ्यूजबद्दल लिहिणार आहे. विषय ऐकून आमच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पण "नको" म्हणाले नाहीत. तेव्हा वाचकहो, जबाबदारी निम्मी त्यांची.

आमच्या काकांकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा हा आपल्याकडचा अवतार मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळ उसासे छापून आले. काकांनी ते सगळे वाचले आणि आपल्या गाडीला त्या दिवशी जरा जास्तच वेळ फडके मारले.

गेल्या पावसाळ्यात आजीला आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे न्यायचे होते. तो घाट आणि त्यातले धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. मोठा झोत टाकावा तर समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून बंपरखाली दोन फॉग लॅम्प बसवायचे ठरले. वायरिंगवाल्या मिस्त्रींनी काम पाहिले आणि म्हणाले, "फ्यूज आणि रिले घालून करतो, दोनशे रुपये जादा होतील." काकांनी माझ्याकडे पाहिले. मी, म्हणजे घरातला सुशिक्षित माणूस, म्हणालो, "फ्यूज कशाला हवा? दोन दिवे तर आहेत!" मिस्त्री काही बोलले नाहीत. बॅटरीवरून सरळ एक वायर काढली, इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडून आत घेतली, डॅशबोर्डखाली स्विच लावला आणि तशीच बाहेर दिव्यांकडे नेली. दिवे झकास लागले.

घाट निम्मा उतरलो आणि आत रबर जळल्याचा वास सुटला. मग डॅशबोर्डखालून धूर आला. काकांनी स्विच बंद केला; धूर चालूच. किल्ली फिरवून इंजिन बंद केले. तरी धूर चालूच. वायर बॅटरीवरून थेट आलेली, तिला किल्लीचे काय? वायरीवरचे प्लास्टिक वितळून त्याचे थेंब माझ्या पायाशी पडत होते. पाना डिकीत, डिकीत वर आजीचे बोचके. मी आजीला धरून खाली उतरवले, ती धुक्यात कठड्याला टेकून उभी राहिली आणि काका बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलशी झटत राहिले. ते सुटेपर्यंत किती वेळ गेला ते मी मोजले नाही. काकांच्या उजव्या तळव्यावर अजून डाग आहे.

झाले होते ते अगदी साधे. पत्र्याच्या भोकात रबरी बूच नव्हते. गाडीच्या थरथराटाने पत्र्याच्या धारेवर वायरीचे आवरण घासले गेले आणि आतले तांबे पत्र्याला टेकले. मोटारीत परतीची वेगळी वायर सहसा नसते, सगळा पत्राच परतीची वाट असतो. म्हणजे वीज दिव्यांपर्यंत न जाता तिथूनच माघारी फिरली. दोन दिव्यांना प्रत्येकी ५५ वॅट धरले तर १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या थोडे वर प्रवाह लागतो. असा शॉर्ट झाला की तीच बॅटरी शंभर-दोनशे अँपिअर सहज ओतते. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज असता तर तो क्षणात उडाला असता, दिवे गेले असते आणि आम्ही चरफडत हळूहळू खाली गेलो असतो. एवढाच फरक. फ्यूज बॅटरीजवळच का, तर त्याच्या अलीकडच्या वायरीचे तो काहीच राखण करू शकत नाही. डॅशबोर्डखाली कुठेतरी लावलेला फ्यूज आमच्या काही उपयोगाचा नव्हता.

रिलेचे काम वेगळे. डॅशबोर्डवरचे छोटे बटण नऊ अँपिअर रोज सोसण्यासाठी केलेले नसते. ते तापते, त्याचे टोक जळते. रिलेत एक लहानसा विद्युतचुंबक असतो. बटणातून पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो, तो चुंबक जागा करतो आणि मोठा प्रवाह बॅटरीतून जाड वायरीने जवळच्या वाटेने दिव्यांकडे जातो. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ते जर्मन मानकातले, पण आज जगभर तेच चालतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून दिवे, उरलेले दोन चुंबकाचे. मराठीचे वृत्त ओळखण्यापेक्षा हे सोपे आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगतो.

वायरीची जाडी हाही चेष्टेचा विषय नाही. चार मीटर लांबीची पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर नऊ अँपिअरला जवळजवळ पाऊण-एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि दिवा पिवळट होतो. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्टवर भागते.

आता माझे म्हणणे. हा प्रसंग ऐकून सगळे मिस्त्रींना शिव्या देतात. मला ते पटत नाही. त्यांनी विचारले होते; दोनशे रुपयांसाठी नको म्हणणारा मी होतो. आपण हॉटेलात दोनशे रुपये बिनबोभाट देतो, पण जे काम दिसत नाही, गादीखाली आणि पत्र्यामागे राहते, त्याचे पैसे देताना आपला हात आखडतो. वर त्याला "जुगाड" म्हणून कौतुक करतो. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारा माणूस आपल्याकडे हुशार ठरतो आणि नवा फ्यूज मागणारा भित्रा.

दुसरा पक्ष म्हणतो, जुन्या गाडीत मुळात काही लावूच नये, आहे तशी जपावी. हेही मला पटत नाही. गाडी रस्त्यावर धावते तोवर तिला रस्त्याची गरज भागवली पाहिजे. फक्त पाहुणा आणताना घरात जागा किती आहे ते बघावे. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. ल्यूकस सी ४० या प्रसिद्ध डायनॅमोची धाव २२ अँपिअरपर्यंतच, आणि गाडी जागेवर उभी असताना तर तो जवळपास काहीच देत नाही. अशा गाडीवर दिवे, पंखा, टेप आणि चार्जर एकदम लादले तर बॅटरी रडणारच. आणखी एक: काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. तिथे आजचा टेप नेहमीसारखा जोडला तर तो पहिल्याच सुराला गप्प होईल.

गाडी घरी आली तेव्हा मी त्याच मिस्त्रींकडे गेलो. आधी जरा संकोच वाटला. त्यांनी जळकी वायर हातात घेऊन पाहिली, "आजी बऱ्या आहेत ना?" एवढेच विचारले आणि बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून कामाला लागले. फ्यूज, रिले, भोकात रबरी बूच, दिव्यांच्या अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकाकता पत्रा. मी शेजारी बसून कागदावर आकृती काढली. कोणती वायर कोठून कोठे जाते, रंग कोणता, फ्यूज किती अँपिअरचा, हे मराठीत स्वच्छ अक्षरात लिहिले आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. मिस्त्रींनी तो वाचून एका ठिकाणी माझी चूक काढली. मी ८५ आणि ८७ ची अदलाबदल केली होती.

काकांना आता टेप बसवायचा आहे. मिस्त्रींनी रविवारी बोलावले आहे. त्यांनी सांगितलेल्या रकमेत घासाघीस करायची नाही, असे मी काकांना घरातून निघतानाच बजावणार आहे. ते ऐकतील की नाही, कोण जाणे.