बाई, घरी सांगू नका!



मागच्या महिन्यातली गोष्ट. सोमवारची प्रार्थना संपली आणि चौथीची मुलं रांगेनं वर्गात निघाली. आमचा बंड्या (हे काही त्याचं खरं नाव नाही हं!) मात्र सगळ्यांच्या मागे, लंगडत. विचारलं तर म्हणतो, "काही नाही बाई, ठेच लागली." आता ठेच लागते अंगठ्याला आणि याचा रुमाल बांधलेला पोटरीला! रुमाल सोडला, तर चुन्याचा थर आणि त्याखाली दातांच्या चार खुणा.

मग हळूहळू खरं बाहेर आलं. शनिवारी संध्याकाळी गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू झोपलं होतं. बंड्यानं त्याची शेपटी ओढली. पिल्लानं कचकन चावा घेतला. मित्रानं आजोबांच्या चंचीतला चुना आणून लावला, आणि दोघांनी कुणाला न सांगायची शपथ घेतली. का? तर बाबा रागावतील आणि पोटात चौदा इंजेक्शनं टोचतील! "बाई, घरी सांगू नका ना," म्हणत तो रडायलाच लागला.

मी त्याला नळाखाली उभं केलं. साबण लावून, घड्याळात बघून १५ मिनिटं जखम धुतली. मग त्याच्या बाबांना बोलावलं आणि आम्ही तिघं प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस उशीर झाला, पण आलात हे फार बरं केलंत."

उशीर का करायचा नाही, ठाऊक आहे? रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. चाव्यातून ते अंगात शिरतात आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा काही आठवडे लागतात, कधी कमी, कधी जास्त. तेवढ्यात लस घेतली तर आपलं शरीर त्यांना वाटेतच गाठतं. पण एकदा का रोगाची लक्षणं दिसली, की मग माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. म्हणून ही शर्यत आपण आधी सुरू करायची!

ही शर्यत पहिल्यांदा जिंकली ती ९ वर्षांच्या एका मुलानं. फ्रान्समध्ये लुई पाश्चर नावाचे थोर शास्त्रज्ञ होते. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला घेऊन त्याची आई त्यांच्याकडे आली. दोनच दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. पाश्चरांनी आपली नवी लस त्याला टोचवली आणि जोसेफ वाचला. २८ सप्टेंबर हा पाश्चरांचा स्मृतिदिन. म्हणून त्याच दिवशी जगभर 'जागतिक रेबीज दिन' पाळतात.

आणि हो, पोटातल्या त्या चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा. ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. आता चार किंवा पाच वेळा जायचं आणि दंडावर टोचून घ्यायचं, बस्स! रक्त आलं असेल तर जखमेतही एक औषध टोचतात. मात्र डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवायची नाही.

आता वहीत लिहून घ्या बरं :

१. कुत्रा, मांजर, माकड, कुणीही चावलं वा ओरबाडलं, तर साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं.

२. चुना, तिखट, हळद, तंबाखू काहीही लावायचं नाही. जखम घट्ट बांधायची नाही.

३. लगेच मोठ्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, तेही डॉक्टर ठरवतात.

४. मांजराचा चावा दिसतो टिचभर, पण दात सुईसारखे. जंतू खोलवर जातात. जखम लाल झाली, सुजली, ठणकली, पू आला किंवा ताप चढला, तर पुन्हा डॉक्टरांकडे.

काय हसताय? माणूसही चावतो बरं का! कबड्डीत भांडण झालं की काही वीर दातांवर येतात. माणसाच्या तोंडातही पुष्कळ जंतू असतात. हाताला असा चावा बसून रक्त आलं, तर तीही डॉक्टरांना दाखवायची जखम.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. बंड्या दोन दिवस कुत्र्याला नाही, आपल्या रागाला भ्याला होता. मूल असं काही सांगत आलं, तर आधी नळ सोडा. रागवायचं असेल तर नंतर रागवा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.

बंड्याची तीन इंजेक्शनं झाली, एक उरलंय. ती तारीख त्यानं स्वतःच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलीय. आणि झोपलेल्या पिल्लाची शेपटी? छे, आता तो दुसऱ्यांनाही ओढू देत नाही!

तुमच्या बाई