शिडी वाचता येते का?

बारामतीच्या ऊसशेतीतल्या एआय प्रयोगाची दखल २०२५च्या सुरुवातीला थेट मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी घेतली. तेव्हापासून आपल्याकडे कोडिंगची चर्चा जोरात आहे. कोडिंग म्हटलं की तुम्हाला पायथॉन आठवत असेल. पण हाच ऊस शेतातून कारखान्याच्या गव्हाणीत पडला, की भाषा बदलते.

आजच्या कारखान्यात बरीच यंत्रं पीएलसी नावाच्या छोट्या, दणकट संगणकावर चालतात. मिलवर भार वाढला तर गव्हाणीचा वेग कमी कर. सेंट्रिफ्युगलमध्ये मळी वेगळी झाली की पाणी मार, मग वेग उतरव, साखर खाली सोड. हे हुकूम ‘लॅडर’ भाषेत देता येतात. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या. एकेक पायरी म्हणजे एकेक अट: बटण दाबलंय, ओव्हरलोड नाही, तर मोटर चालू.

या भाषेत वेबसाइट बनत नाही, गेम बनत नाही. तीच तिची ताकद. १९६८च्या सुमारास अमेरिकेत पीएलसी आला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला सवयीची असलेली रिलेची ड्रॉइंगच भाषा म्हणून वापरात आली. १९९३मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात लॅडरसह पाच भाषा ठरल्या. एमआयडीसीतल्या सीएनसी मशीनचा जी-कोडही असाच, एका कामापुरता: ‘जी०१’ म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत जा.

मग अडतं कुठे? भाषा सोपी, पण किल्ली दुसऱ्याकडे. प्रोग्राम बाहेरची कंपनी लिहिते आणि अनेकदा पासवर्ड टाकून जाते. ऐन हंगामात रात्री मशीन थांबलं, की पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत वाट बघा. तोडलेल्या उसातली साखर मात्र थांबत नाही, ती घटत जाते. एफआरपी उताऱ्याशी जोडलेली आहे, म्हणजे झळ शेवटी तुमच्या-माझ्या घरापर्यंत येते.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथले सभासद या कारखान्यांचे मालक आहेत. नवी यंत्रणा घेताना मूळ प्रोग्राम, पासवर्ड आणि बॅकअप करारातच मागा, असं वार्षिक सभेत विचारायला काय हरकत आहे?

आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला असाल, तर अर्धी शिडी तुम्ही आधीच चढलायत. मात्र चालू मशीनच्या प्रोग्रामला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. एका चुकीच्या पायरीने कुणाचा तरी हात जाऊ शकतो. आधी वाचायला शिका. बिघाड नेमका कुठल्या पायरीवर अडलाय हे सांगता आलं, तरी रात्रीचे कितीतरी तास वाचतील.