डोंगरउतारावरील बागा आणि दगडी ताली

कोंकणांत उतारावर बाग लावणें नवें नाहीं. परंतु १९९० सालीं रोजगार हमीशीं जोडलेली फलोद्यान योजना सुरू झाल्यापासून, पूर्वीं गवतास सोडलेल्या वरकस डोंगरांवरहि कलमें उभीं राहिलीं. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती अलीकडच्या एका रीतीबद्दल. यंत्र लावून डोंगर एकदम दहा फूट उभा कापावयाचा, समोर सिमेंटांत चिऱ्यांची भिंत घालावयाची, मागें सुटी माती लोटावयाची, आणि जागा सपाट झाली म्हणून समाधान मानावयाचें!

अशी एक भिंत आमच्या शेजारींच होती. बांधणी सुबक, दरजा अशा भरलेल्या कीं पाण्यास बाहेर पडावयास बोटभरहि वाट नाहीं. श्रावणांत चार दिवस झड लागली, तेव्हां तिनें मधोमध पोट काढलें व पांचव्या रात्रीं ती कलमांसह खालीं आली. मालकाचें नुकसान त्याच्या कर्मानें झालें. परंतु खालच्या खाचरांत लावणी झालेलें भात मातीखालीं गेलें, तो शेतकरी ह्या व्यवहारांत कोठेंच नव्हता.

अशी भिंत मातीपेक्षां पाण्यानें पडते. दहा फूट उंचीच्या भिंतीमागें पाणी काठोकाठ तुंबलें, तर दर फूट लांबीवर एकट्या पाण्याचा रेटा सुमारें १,४०० किलो होतो. पांच फुटांच्या भिंतीवर तो ३५० किलोच भरतो. उंची निम्मी केली कीं रेटा चौथाई. एका उंच भिंतीहून दोन ठेंगण्या ताली बऱ्या कां, हें मग निराळें सांगावयास नको. मात्र दोहोंमध्यें अंतर भरपूर हवें. वरचीचा भार खालचीच्या पाठीवर आला तर दोन्ही मिळून एकच उंच भिंत झाली.

आमचे मतें बागाईतदारांनीं सुक्या दगडांच्या तालीकडे परत वळावें. पाया कातळास वा घट्ट मुरमास लावावा. दगड सांधमोड करून, डोंगराकडे कल ठेवून रचावे, आणि मधून मधून पोटांत खोल जाणारा लांब दगड घालावा. पाठीशीं माती न लोटतां हातभर रुंदीची दगडगोट्यांची भर द्यावी. माथ्यावर उतारास आडवा चर खणून वरचें पाणी ओढ्याकडे वळवावें; हें काम सर्वांत स्वस्त, आणि तेंच बहुधा राहून जातें.

सुकी ताल दरवर्षीं डागडुजी मागते, रचणारे गडी मिळत नाहींत, फटींत सापविंचू राहतात, हे आक्षेप खरे आहेत. तरी ती ढासळते ती बहुधा चार हात, आणि तेच दगड पुन्हां लागतात. फ्रान्स, इटली, ग्रीस इत्यादि आठ देशांतील ही सुक्या दगडाची कला २०१८ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत नोंदली. आपल्याकडे ती अडाण्याचें काम समजली जाते. घराजवळ भिंत घालणें असेल तर मात्र अभियंत्यास विचारावें, आणि सिमेंट वापरलेंच तर पाणी सुटण्यास भोकें ठेवावींच.

शिवाय आंब्यास सबंध डोंगर सपाट लागतो, हें सांगितलें कोणीं? एकेका कलमाच्या खालच्या अंगास अर्धचंद्राकृति दगडी ओटा पुरतो. माडपोफळीस शिंपणें असतें म्हणून पायऱ्या हव्यात. त्या तेवढ्याच भागांत कराव्या. आमच्या शेजाऱ्यानें यंदा तेंच केलें आहे. खालच्या खाचरवाल्याशीं त्याचें बोलणें मात्र अजून सुरू झालेलें नाहीं.