वाळूतली वीज आणि बाजारातल्या तुरी

पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन. एक मावळातले दाभाड्यांचे, दुसरे शिरूर तालुक्यातले ढमढेऱ्यांचे. 2022 च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा सिलिकॉन चिपचा प्रकल्प गुजरातेत गेल्याची बातमी आली, तेव्हा गाजले ते मावळातले तळेगाव. पुढे 2023 च्या जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले, तो भाग वेगळा.

आता सिलिकॉनचे नाव ढमढेऱ्यांच्या तळेगावातही निघू लागले आहे, पण चिपसाठी नव्हे, बॅटरीसाठी. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव हा सारा पट्टा कारखान्यांचा. उसाचे बिल आणि विकलेल्या जमिनीचा पैसा घराघरात आला आहे आणि मोबाइलवर शेअर घेण्याची सोयही झाली आहे. “बॅटरीत आता सिलिकॉन येणार म्हणतात, त्यात पैसे घालावेत का?” असे इकडच्या मंडळींनी मला एकदा नव्हे, अनेकदा विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

सोनी कंपनीने 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. अशा बॅटरीच्या ऋण बाजूला, म्हणजे अ‍ॅनोडला, आजही मुख्यतः ग्रॅफाइटच असते. बॅटरी चार्ज होताना लिथियम या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसते. एक ग्रॅम ग्रॅफाइट फार तर 372 मिलिअँपिअर-तास भार साठवते. सिलिकॉन तेवढ्याच वजनात सुमारे 3600. जवळजवळ दहापट! शिवाय वाळूत, मातीत, भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका मुबलक. मग घोडे अडले कुठे?

ते अडले फुगण्यात. हरभरा भिजवला की फुगतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. सिलिकॉन लिथियम शोषताना मूळ आकारमानाच्या तिप्पट-चौपट होते आणि बॅटरी वापरताना पुन्हा आक्रसते. हे शेकडो वेळा झाले की त्याच्या कणांना तडे जातात. प्रत्येक नव्या तड्यावर रासायनिक थर चढतो, त्यात लिथियम खर्ची पडते आणि बॅटरी लवकर म्हातारी होते. यावर उपाय म्हणून सच्छिद्र कार्बनच्या पोकळ्यांत सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण वाढवतात, म्हणजे फुगायला जागा मिळते. त्यासाठी बहुधा सिलेन वायू लागतो आणि तो हवेच्या नुसत्या संपर्कानेही पेट घेतो. म्हणजे वाळू स्वस्त असली तरी वाळूपासून अ‍ॅनोडपर्यंतचा प्रवास महाग आणि जोखमीचा आहे.

तरीही ही हवेतली गोष्ट नाही. चीनमध्ये 2023 सालापासून सिलिकॉन-कार्बन बॅटरीचे मोबाइल फोन विकले जात आहेत. अमेरिकेतल्या ग्रुप14 या कंपनीत पोर्शेने 2022 साली पैसा गुंतवला. त्याच वर्षी तिला आणि सिला या कंपनीला अमेरिकी सरकारने कारखान्यांसाठी प्रत्येकी 10 कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले. आपल्याकडे कोलकात्याच्या हिमाद्रीने 2023 साली सिकोना या ऑस्ट्रेलियन सिलिकॉन-अ‍ॅनोड कंपनीत भाग घेतला. मुंबईच्या एप्सिलॉनचे मुख्य लक्ष मात्र अजून ग्रॅफाइटवर आहे, आणि त्यालाही कारण आहे. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक अ‍ॅनोड-साहित्य चीन बनवतो आणि 2023 च्या डिसेंबरपासून त्याने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. पर्याय शोधणे ही साऱ्या जगाची गरज झाली आहे.

परंतु देशाची गरज वेगळी आणि गुंतवणूकदाराचा नफा वेगळा. सिला 2011 साली निघाली. तिचे साहित्य वापरलेली पहिली वस्तू, मनगटावरचा एक छोटासा पट्टा, 2021 साली बाजारात आली. दहा वर्षे! अँप्रियस 2008 सालची. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली, तरी 2024 सालातही तोट्यातच होती. युरोपची आशा म्हणवणाऱ्या नॉर्थव्होल्टने अब्जावधी डॉलर उभारूनही 2025 च्या मार्चमध्ये स्वीडनमध्ये दिवाळे काढले. आपल्या सरकारने 2021 साली प्रगत बॅटरींसाठी 18,100 कोटींची प्रोत्साहन योजना आणली, पण ठरल्या मुदतीत फारच थोडी क्षमता उभी राहिली. ओला इलेक्ट्रिकचा शेअर 2024 च्या ऑगस्टमध्ये 76 रुपयांना विकला गेला, त्याच महिन्यात दीडशेच्या वर पोहोचला आणि 2025 च्या फेब्रुवारीत मूळ किमतीच्याही खाली होता. शास्त्र पुढे जात असतानाही शेअर बुडू शकतो, तो असा.

नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजनांनी मध्यमवर्गाला कसे गंडवले, हे थोरल्यांना आठवत असेल. झाड खरे होते, सागाला भावही होता. खोटा होता तो वाढीचा हिशेब. म्हणून सिलिकॉनचे नाव सांगून कोणी दारात आला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. माल प्रयोगशाळेत ग्रॅममध्ये बनतो की कारखान्यात टनात? किती वेळा चार्ज केल्यावर किती क्षमता उरते, आणि ते त्रयस्थाने तपासले आहे का? तिसरे, माल विकत घेण्याचा पक्का करार कोणत्या बॅटरी-उत्पादकाशी झाला आहे? उत्तरादाखल नुसते करारपत्राचे इरादे आणि रंगीत चित्रे दाखवली, तर बाजारात तुरी समजाव्यात.

ज्यांना पैसे घालायचेच असतील, त्यांनी बुडाले तरी घरचे अडणार नाही एवढेच घालावेत, आणि तेही दहा वर्षे विसरायची तयारी ठेवून. जमीन विकून आलेला पैसा पुन्हा येत नसतो. मला स्वतःला या पट्ट्याचा खरा लाभ दुसरीकडे दिसतो. रांजणगावला 2022 साली इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाला आहे; पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, बॅटरीवर संशोधन करणारी आयसर आहे. अ‍ॅनोड सिलिकॉनचा येवो वा सोडियमच्या बॅटरीतला कार्बनचा, रसायने आणि यंत्रे हाताळणारे शिकलेले हात लागणारच. तळेगावच्या एखाद्या मुलीने रसायनशास्त्र घेतले आणि तिच्या फीसाठी घरच्यांनी उसाच्या बिलातले चार पैसे बाजूला काढले, तर त्या गुंतवणुकीचा भाव रोज सकाळी मोबाइलवर बघावा लागणार नाही.