काळजी की मनाई?

मंडळी, आज जरा चिडून लिहिते आहे. हे आमच्या घरातले लोकही वाचतात, ठाऊक आहे मला. खरं तर त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

गेल्या महिन्यात भाईंदरला आमच्याकडे सत्यनारायण होता. सगळे जमले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि नात ज्यूदोच्या क्लासहून आली. जाड पांढरा अंगरखा, कमरेला पट्टा, कोपर खरचटलेलं. वय वर्षे चौदा. नवव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह झाला आणि गेली दोन वर्षं तिच्या अंगावर इन्सुलिनचा पंप असतो. तिला पाहताच सुरुवात झाली. "अगं, हिला कशाला ही मारामारी? पेटी शिकव." "उद्या काही झालं म्हणजे?" आणि शेवटी ते हुकमी वाक्य, "आम्ही काळजीपोटीच सांगतो हो."

काळजीपोटी! माझं भांडण या शब्दाशी आहे.

आधी एक गैरसमज. मला साठीनंतर जी साखर झाली आणि जिच्या मी गोळ्या घेते, ती वेगळी. पोरीनं पेढे जास्त खाल्ले म्हणून तिला हे झालेलं नाही. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करतं. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज, जन्मभर. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं, त्याआधी अशी मुलं जगत नसत. आमची नात आज त्याच वयाची आहे. जगण्याचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटला. आता प्रश्न आहे कसं जगायचं याचा.

पंप म्हणजे लहानशी डबी. तिच्यातून बारीक नळीनं कातडीखाली थोडं थोडं इन्सुलिन दिवसरात्र जात राहतं. क्लासला गेली की नात तो काढून सरांच्या टेबलावर ठेवते. ज्यूदोत अंगावर कठीण वस्तू चालत नाही, समोरच्यालाही लागेल. पण तासाभरात तो पुन्हा लावायचा. फार वेळ काढून ठेवला तर साखर चढते, रक्तात कीटोन साठतात आणि ते जिवावर बेतू शकतं. मॅटवर जाण्याआधी साखर बघायची. साधारण १२६ ते १८० असली तर बरी. ७० च्या खाली गेली तर खेळ बंद, १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. २५० च्या वर आणि कीटोनही असतील तर त्या दिवशी सुट्टी. गंमत म्हणजे जोरदार कुस्तीच्या झटापटीत साखर कधी कधी उतरायच्या ऐवजी चढते आणि मग रात्री झोपेत उतरते. म्हणून क्लासच्या दिवशी सूनबाई रात्री उठून बघते. दंडावरचा सेन्सर दोनदा उपटून आला, तर आता वरून पट्टी लावतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की धोका नाही असं मी म्हणतच नाही. धोका आहे, पण त्याला आकडे आहेत, वेळा आहेत, उपाय आहेत. जे मोजता येतं ते सांभाळता येतं. "काही झालं म्हणजे?" हा प्रश्न चांगलाच आहे, फक्त तो विचारून उत्तराला थांबायला हवं. आपण प्रश्न विचारतो आणि लगेच दार लावून घेतो.

वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला. त्यानंतर इन्सुलिन घेत तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत खेळला आणि तिथेच एकदिवसीय सामन्यांतले पाचशे बळी पुरे केले. तुम्ही म्हणाल, क्रिकेटात कोणी अंगावर येत नाही. बरं, मग इंग्लंडमधल्या रॉचडेलचा मुहम्मद अली घ्या (हो, नाव तेच, माणूस दुसरा). त्याला लहानपणापासून टाइप वन. व्यावसायिक मुष्टियुद्धाचा परवाना त्याला आधी नाकारला होता. तो चिकाटीनं मागे लागला आणि २०१८ मध्ये मंडळाला परवाना द्यावा लागला. त्याचा मधुमेह होता तसाच होता. बदलली ती मंडळाची समजूत.

इथेही पहिल्या क्लासनं नातीला नाही म्हटलं. "जबाबदारी कोण घेणार?" दुसऱ्या सरांनी विचारलं, "मला काय काय माहीत असायला हवं?" सूनबाईनं एक पानभर लिहून दिलं. ते पान भिंतीवर आहे, ग्लुकोजचा डबा टेबलावर. झाली जबाबदारी! सीबीएसईनं २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेच्या वर्गात खाऊ न्यायला परवानगी दिली. दहावीच्या पेपरला जमतं, ते ज्यूदोच्या हॉलमध्ये का जमू नये?

आणि पंप हे श्रीमंती कौतुक आहे असंही कोणी म्हणू नये. तो महाग आहे खरा, लाखांत जातो, सगळ्यांना परवडत नाही. पण पेननं किंवा सिरिंजनं इन्सुलिन घेणारी मुलंही याच "नाही"ला अडकतात. उलट त्यांच्या बाजूनं भांडायला कमी लोक असतात.

आता माझी पाळी. १९८० च्या दशकात माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. तेव्हा घरोघरी ग्लुकोमीटर नव्हते. त्याची आई लघवी औषधात तापवून रंग बघायची. मी त्याला वर्षभर खेळाच्या तासाला दप्तरं राखायला बसवलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आईलाही विचारलं नाही. काळजीपोटी! पुष्कळ वर्षांनी तो भाईंदर स्टेशनच्या पुलावर भेटला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "बाई, तुम्ही फार चांगलं शिकवलंत. पण मला एकदा तरी लंगडीत घ्यायला हवं होतं."

काय उत्तर देणार? त्या मुलाची साखर मी सांभाळली नव्हती, मी माझी झोप सांभाळली होती. आपल्या बहुतेक मनाया अशाच असतात. भीती आपली आणि बाकावर बसायचं पोरानं.

ज्यूदोत पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात, हे मला नातीकडून कळलं. कसं पडावं म्हणजे लागत नाही आणि लगेच उठता येतं. ज्या पोरीला जन्मभर साखरेच्या चढउतारांशी झुंजायचंय, तिनं हे शिकू नये तर कोणी शिकावं?

तेव्हा नातेवाईक हो, पुढच्या वेळी घरी याल तेव्हा "पेटी शिकव" म्हणू नका. "आज साखर किती होती गं?" असं विचारा. ती आनंदानं सांगेल. आणि ग्लुकोजचा डबा कुठे असतो, तेही विचारून ठेवा.

काळजी त्याला म्हणतात. असो.